निकाल लागेपर्यंत मी खालीच झोपणार

माझी आत्या गाद्या करते, आणि चार वर्षांहून जास्त काळ ती दुकानातल्या विकायच्या गादीवर झोपत होती. दुकानाच्या वरच तिचं घर, घरात पलंग, पलंगावर तिनेच भरलेली गादी, त्या गादीच्या एका बाजूला तिचा नवरा आणि दुसरी बाजू रिकामी. कोणी विचारलं की म्हणायची, "निकाल लागायचाय." लोकांना वाटायचं घटस्फोटाची केस चालू आहे. एका गिऱ्हाइकाने तर तिला हळूच वकिलाचा पत्ताही दिला होता.

केस कसली डोंबलाची. निकाल घोरण्याचा लागायचा होता. कोण घोरतं, ती की आतोबा, एवढंच ठरायचं होतं.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणणाऱ्या माणसांचा मला राग येतो. मी आत्याची भाची. तिच्या दुकानात खोळी शिवते, आणि कॉम्प्युटर नावाचं जे काही आहे ते सगळं माझ्या गळ्यात. आत्या कॉम्प्युटरला हात लावत नाही. म्हणते, ज्याच्यावर झोपता येत नाही त्याच्याशी माझं काय काम.

तिला एकदा बघायला हवं. दंड पैलवानासारखे, भुवयांत कायम कापूस, आणि बोलायला लागली की समोरच्याने पाणी पिऊन घ्यावं. गादी दोन बोटांनी दाबून बघणारं गिऱ्हाईक तिला मुळीच खपत नाही. "बोटांनी झोपता का? आडवे व्हा," म्हणते, आणि भले भले साहेब बूट काढून भर दुकानात आडवे होतात. एकजण तर तसाच झोपून गेला होता. त्याच्या बायकोचा फोन आला, तेव्हा आत्याने उचलला आणि सांगितलं, "झोपू द्या बिचाऱ्याला, तुमच्याकडची गादी वाईट आहे."

तिचा एक कायदा आहे. कापसाची गादी दर शनिवारी उलटायची. पुस्तकाचं पान उलटावं तशी, डावीकडची कड उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे. नाहीतर कापूस बसतो, खड्डा पडतो. हे ती गिऱ्हाइकाला सांगते, शेजाऱ्याला सांगते, आणि सांगून भागलं नाही तर स्वतः करते. आजारी माणसाला भेटायला गेली की आधी त्याला उठवून खुर्चीत बसवणार, त्याची गादी उलटणार, आणि मग विचारणार, "काय होतंय हो तुम्हाला?" ही सवय नीट लक्षात ठेवा. पुढे हिनेच घोळ केला.

आतोबा घड्याळजी. आत्याच्या दुकानाला लागूनच त्यांचा गाळा. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसतात आणि दिवसाला मोजून दोन वाक्यं बोलतात. तीही गिऱ्हाइकाशी. घरात भिंतभर घड्याळं, सगळी चालू. टकटक, खटखट, मधूनच एखादं टोले देतं. त्या गलक्यात माणूस शांत झोपू शकतो, यावर माझा अजूनही विश्वास बसत नाही.

तर, लग्न झाल्यापासून या दोघांचा एकच वाद. आत्या म्हणायची हे घोरतात. आतोबा म्हणायचे, मी नाही. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, हीच तर या रोगाची गंमत आहे. मोबाईलवर टेप करून बघा की, असं तुम्ही म्हणणार. केलं होतं. अर्ध्या टेपेत घड्याळं आणि उरलेल्या अर्ध्यात कोणीतरी लाकूड कापतंय. ऐकून दोघंही एकदमच म्हणाली, "हा माझा आवाज नव्हे."

अशात झोपेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची माणसं दुकानात आली. त्यांना काही नवरा-बायको हवे होते. एकाच पलंगावर झोपणारे, बऱ्याच वर्षांचे, भांडणारे असले तरी चालतील म्हणाले. गादीत दोन पट्ट्या ठेवायच्या, एक तिच्या बाजूला, एक त्याच्या. कोण कधी झोपलं, किती वेळा कूस बदलली, कोण घोरलं, हे सगळं पट्टी छातीच्या थरथरीवरून ओळखणार आणि पलंगावरच्या छोट्या डबीला कळवणार. बोलणं-बिलणं काही टिपणार नाही. आत्याचे डोळे चमकले. तिने विचारलं, "म्हणजे कोण घोरतं ते कळणार? सरकारी शिक्क्यानिशी?" कळणार म्हटल्यावर तिने आतोबांना न विचारताच दोघांच्या वतीने होकार देऊन टाकला.

पट्टी बसवायला आलेला माणूस पट्ट्या गादीवर चिकटपट्टीने लावायला लागला, तशी आत्या त्याच्या अंगावरच धावून गेली. तिच्या गादीवर चिकटपट्टी? तिने गादीची शिवण उसवली, दोन्ही पट्ट्या कापसाच्या थरांत मधोमध बसवल्या, वर टाके घातले, आणि हात फिरवून बघ म्हणाली, लागते का काही. पट्टीवाला म्हणाला, "ताई, इतकं सुंदर काम आमच्या प्रयोगशाळेत कोणी करत नाही." आत्या दिवसभर हवेत होती. पलंगाच्या कठड्यावर त्याने एक चिठ्ठी चिकटवली. घर सतरा.

दोन-अडीच महिने हे चाललं. शेवटच्या दिवशी पट्टीवाला डबी काढून घेऊन खाली उतरला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "ताई, तुमच्याकडे घोरणं भरपूर मिळालं हो. संस्था खूश आहे."

सगळे हसले. शेजारच्या गाळ्यातून, डोळ्याचं भिंग न काढता, आतोबांनी त्यांचं त्या दिवशीचं दुसरं वाक्य बोलून टाकलं. "ती घोरते."

आता हे वाक्य घरात बोलले असते तर चाललं असतं. पण दुकानात, गादी विकत घ्यायला आलेल्या माणसांसमोर? आत्याचा चेहरा पडला. मी तिला रडताना कधी बघितलेलं नाही, त्या दिवशी ती कापसात तोंड खुपसून बराच वेळ काहीतरी शोधत होती. मग उठली आणि दोन्ही दुकानांना ऐकू जाईल असं म्हणाली, "निकाल लागू दे. निकाल लागेपर्यंत मी खालीच झोपणार." संध्याकाळी तिची उशी खाली आली.

आम्हाला वाटलं, फार तर महिनाभर.

निकाल कधी लागला माहीत आहे? लागून गेला होता. दीडेक वर्षानंतर मला सापडला. कुठल्यातरी परदेशी मासिकात लेख छापून आला होता, संस्थेचं नाव वर ठळक. मथळा दिसला, खाली चार ओळी दिसल्या, आणि त्याखाली कुलपाचं चित्र. पुढचं वाचायचं तर पैसे भरा. किती, तर आमच्याकडे चांगली एकेरी गादी येईल एवढे, आणि तेही एका दिवसाच्या वाचनासाठी.

"एका दिवसानंतर काय करतात?" आत्याने विचारलं.

"परत बंद करतात."

"गादी तरी घरात राहते," आत्या म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "कर मी भरते. झोप माझी. गादी माझी. पट्टी मी शिवली. घोरणं, असेल ज्याचं त्याचं, आमच्या घरातलं. आणि कुलूप त्यांचं?"

मी म्हटलं, भरून टाकू पैसे. तर माझ्यावरच उखडली. पैशाचा प्रश्नच नव्हता, तत्त्वाचा होता. तत्त्वाचा प्रश्न आला की आमच्या घराण्यात माणसं ऐकत नाहीत, मीही ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही संस्थेत. चकाचक इमारत, आणि खुर्च्या अशा की आत्या बसल्या बसल्या म्हणाली, झोपेची संस्था आणि बसायला दगड. संशोधन करणारी बाई खाली आली. नाकावर घसरणारा चष्मा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आम्ही तिला पुढे झोपबाई म्हणायला लागलो, पण दिसायची मात्र ती कधीच न झोपलेली. बिचारी भली होती. म्हणाली, "मावशी, लेखाचे हक्क मासिकाकडे गेलेत. मलाच माझा लेख हवा असला तर ग्रंथालयात अर्ज करावा लागतो."

"लेख राहू दे," आत्या म्हणाली, "घर सतराचं तोंडी सांग. दोन शब्दांचं काम आहे."

"एकेका घराचं बाहेरच्या माणसाला सांगायचं नाही, असा नियम आहे."

"आम्ही बाहेरचे?"

"नियमाप्रमाणे, हो."

"नियम कोणाचा?"

"सरकारचा."

"सरकार कोणाचं?"

झोपबाईने चष्मा वर सरकवला. "मावशी, मी झोपेची डॉक्टर आहे हो."

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात, पण ही बाई सोंग घेत नव्हती. आम्हाला दारापर्यंत पोचवायला आली आणि तिथे हळूच म्हणाली, सरकारी पैशातून झालेलं संशोधन सगळ्यांना फुकट वाचायला मिळावं, त्यामागचे मूळ आकडेही मिळावेत, असा नियम करायचं चाललंय. पण गाडी अडली होती. कधीतरी सुनावणी होईल, तिथे कोणीही बोलू शकतं. "तुम्ही याच," ती म्हणाली. तिला बिचारीला काय कल्पना, ती कोणाला आमंत्रण देत होती.

सुनावणी व्हायला दोन वर्षं लागली. तोवर आत्या खाली, आतोबा वर. तुम्ही म्हणाल, मधल्या काळात एकटीचं घोरणं तपासून घ्यायचं. मी म्हटलंही होतं. आत्या म्हणाली, दुकानाच्या गादीवरचं धरायचं नाही, कुस्ती एकाच आखाड्यात व्हायला हवी. आणि मी संध्याकाळी माझ्या घरी जाते, मला काय माहीत खाली काय वाजतं. जेवण दोघांचं एकत्र व्हायचं, चहा एकत्र व्हायचा, बाजारात जोडीने जायची. फक्त झोपायची वेळ झाली की आत्या जिना उतरायची आणि आतोबा दार लोटायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. पण सांगणार कोणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

सुनावणीला मोठं सभागृह होतं. प्रत्येकाला थोडा वेळ, मग घंटा. प्राध्यापक बोलले, ग्रंथपाल बोलले, मासिकांच्या बाजूने एक गुळगुळीत गृहस्थ बोलले की दर्जा राखायला खर्च येतो. आत्या उशी घेऊन गेली होती, खुर्चीचा अनुभव होता ना. पाळी आली तशी उशी काखेत मारून माइकसमोर उभी राहिली.

"मी गाद्या करते," ती म्हणाली. "गिऱ्हाईक पैसे देतं, मी गादी देते. पैसे घेऊन मी गादी कुलपात ठेवली आणि म्हटलं, झोपायचं तर रोजचे वेगळे पैसे टाका, तर लोक मला दुकानासकट उचलून फेकतील. आणि बरोबरच करतील. दर्जाचं सांगू नका, दर्जा मलाही ठेवावा लागतो. आणि नुसता लेख उघडून भागणार नाही. लेख म्हणजे खोळ. खोळ काय, कशीही छान शिवता येते, ही माझी भाची शिवते. मला आतला कापूस बघायचाय."

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे डेटा?"

"तुम्ही त्याला काहीही म्हणा. लोकांच्या पैशाने जे बाहेर आलं ते लोकांना सगळं कळलं पाहिजे. आवडो, न आवडो. लपवायचं नाही."

घंटा वाजली. अध्यक्षांनी हसू दाबत विचारलं, "बाई, तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?"

"कोण घोरतं ते," आत्या म्हणाली आणि उशी घेऊन खाली बसली.

सभागृहात जो हशा उठला तो थांबेना. गुळगुळीत गृहस्थांनीही रुमाल काढला. आत्या मात्र गंभीर. तिच्यासाठी तो विनोद नव्हताच, हे फक्त मला माहीत होतं.

नियम झाला. आत्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण आत्या म्हणते. पुढे काही महिन्यांनी झोपबाईचा फोन आला, "मावशी, उघडलं." मी हातातली खोळ टाकून कॉम्प्युटरपुढे बसले. कुलूप नाही, पैसे नाहीत, लेख समोर हजर. दुकानातली गिऱ्हाइकं, समोरचा न्हावी, सगळे माझ्या पाठीमागे उभे. मी वाचत गेले, सोपं करून सांगत गेले. बहुतेक घरांत दोघांपैकी एकजण घोरतो. आणि मग एक वेगळा परिच्छेद, खास आमच्यासाठी. घर सतरा. या घरात नवरा-बायको आळीपाळीने घोरतात. एक आठवडा एक, पुढचा आठवडा दुसरं. असं याआधी कुठेही आढळलेलं नाही. दीर्घ सहवासातून आलेला हा नकळत समजूतदारपणा असावा, असं संशोधकांना वाटतं.

न्हाव्याने आधी हात जोडले आणि मग पोट धरलं. त्या दिवसापासून गल्लीत आत्या-आतोबांना 'पाळीवाले' म्हणायला लागले. आत्या तर नुसती तरंगत होती. बरोबरी! तिने शेजारच्या गाळ्यात जाऊन मला तोच परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. आतोबांनी डोळ्याचं भिंग काढलं, हे फार क्वचित घडतं.

"आळीपाळीने?" ते म्हणाले.

"सरकारी संशोधन आहे," आत्या म्हणाली.

"असेल," म्हणाले आणि भिंग पुन्हा लावलं. पण कान लाल झाले होते. मी बघितले.

ठरलं. आत्या शनिवारी वर जाणार, मान ताठ ठेवून. आणि घर सतराचा आलेख मोठा छापून, चौकट करून दुकानात लावणार. त्यासाठी मी शनिवारी मूळ डेटा उघडला. तोही आता सगळ्यांना खुला होता, तिच्या भाषेत आतला कापूस. लाल रेघ तिची पट्टी, निळी रेघ त्यांची. आठवडाभर लाल रेघ नुसती उड्या मारते, निळी शांत. मग लाल शांत, निळी उड्या मारते. मग परत लाल. दिसायला फार सुंदर.

आत्या माझ्यासमोर दुकानातल्या गाद्या उलटत होती. शनिवार ना. भली मोठी दुहेरी गादी तिने कडेवर उभी केली होती, वरून फक्त तिचे डोळे दिसत होते.

"पाळी बदलते कधी गं?" तिने सहज विचारलं. "सोमवारी का? सोमवारी त्यांचा गाळा बंद असतो, आराम होतो."

मी तारखा बघितल्या. "शनिवारी," मी म्हटलं. "दर वेळी शनिवारीच."

गादी पुढे पडेना की मागे जाईना. तशीच उभी.

"पुन्हा सांग."

"शनिवारी. पहिला आठवडा तुझी पट्टी, मग शनिवारी..." आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गादीमागचे डोळेही मोठे झाले होते. माणसं पाळी बदलत नव्हती, पट्ट्या बदलत होत्या. स्वतःच्या हाताने शिवून, कापसात मधोमध बसवून, आत्या दर शनिवारी त्या पान उलटावं तशा उलटत होती. आणि संस्थेला सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. सकाळी तोंड धुते हे कोणी सरकारला कळवतं का?

आणि पहिल्या आठवड्यात, जेव्हा गादी अजून उलटलेलीच नव्हती, तेव्हा उड्या मारत होती लाल रेघ. आत्याची.

गादी हळूहळू आडवी झाली आणि तिच्यावर आत्या.

मी हसले. मला माफ करा, पण मी खुर्चीवरून खाली येईपर्यंत हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग तिचं तोंड बघितलं आणि उठून दुकानाचं दार लोटलं.

"आत्या, गप्प बसायचं," मी म्हटलं. "ऐकतेस का? हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला कळलेलं नाही. डॉक्टरांना नाही कळलं, मासिकाला नाही कळलं. बरोबरी झाली ना? वर जा. झोप. विषय संपला."

ती छताकडे बघत पडून राहिली. "इतकी वर्षं मी त्यांना बोल लावला गं," ती म्हणाली. "आल्यागेल्याला सांगितलं, आमचे हे घोरतात. आणि तो माणूस एकदाच बोलला. एकदाच. तेही खरं."

"होईल तसं. लोक विसरतात."

"त्या सभेत काय बोलले मी? उशी घेऊन?"

मला आठवत होतं आणि ते तिला माहीत होतं.

"आवडो, न आवडो, म्हणाले होते," आत्या म्हणाली. "फक्त दुसऱ्याचंच उघडं व्हावं असं नव्हते म्हणाले. लाव तिला फोन."

झोपबाईने सगळं ऐकून घेतलं. गादी, शनिवार, पान उलटणं. मग पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं चिडली. तर बाईला हसता हसता उचकी लागली होती. "नकळत समजूतदारपणा," एवढंच ती मधूनमधून म्हणत होती. "मावशी, त्या परिच्छेदावर मला दोन परिषदांत टाळ्या पडल्यात हो." मग पाणी प्यायली आणि म्हणाली की दुरुस्ती छापावी लागेल, सगळ्यांना वाचता येईल अशी, आणि त्यात घर सतराचे आभार मानावे लागतील. आत्या म्हणाली, छापा.

"पण मग एक विचारू?" झोपबाई म्हणाली. "तुमच्या डेटात मध्ये एक राखाडी आठवडा आहे बघा. आम्ही तो बिघाड म्हणून लेखातून वगळला. फक्त एकच पट्टी चालू, घोरणं शून्य, आणि सात रात्री नुसती तळमळ. इतकी, की माणूस असा राहूच शकत नाही, पट्टीच खराब असणार, असं आम्ही धरलं. पण आता तुम्ही पट्ट्या उलटत होतात म्हणता, म्हणजे पट्ट्या ठणठणीत होत्या. त्या आठवड्यात काय झालं होतं?"

मी तारीख वाचून दाखवली. आत्याने आठवून बघितलं.

"मी बहिणीकडे गेले होते," ती म्हणाली. "तिला बरं नव्हतं. आठवडाभर."

"म्हणजे पलंगावर काका एकटेच?"

"एकटेच."

झोपबाई एकदम मऊ आवाजात म्हणाली, "मग मावशी, बिघाड पट्टीत नव्हता."

आत्याने फोन माझ्या हातात दिला आणि पदराने भुवयांतला कापूस पुसला. कधी पुसत नाही. मग ती शेजारच्या गाळ्यात गेली. मी मागोमाग गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी दुकानातच बसून राहिले असते तर हे तुम्हाला सांगितलं कोणी असतं?

आतोबा एका छोट्याशा घड्याळात चिमटा घालून बसले होते.

"अहो," आत्या म्हणाली, "मी घोरते."

चिमटा थांबला.

"तुम्ही नाही घोरत. पाळी-बिळी काही नाही. मी गादी उलटत होते म्हणून तसं आलं. मीच घोरते, पहिल्यापासून. आता सगळ्या जगाला कळणार आहे, छापून येणार आहे."

आतोबांनी भिंग काढून मांडीवर ठेवलं. "मला माहीत होतं," ते म्हणाले.

"आणि मी बहिणीकडे गेले होते तेव्हा तुम्ही आठवडाभर टक्क जागे होतात. तेही आलंय त्यात." आत्याचा आवाज हलायला लागला आणि हलायला लागला म्हणून चढला. "एक आठवडा झोप नाही तुम्हाला, तर ही चार वर्षं काय करत होतात वर?"

"घड्याळं," आतोबा म्हणाले. "सगळी दुरुस्त झाली. आता शेजाऱ्यांची करतो."

"मग बोलायचं नाही का? मला म्हणालात ती घोरते, चारचौघांत. का म्हणालात तसं?"

आतोबांनी माझ्याकडे बघितलं, मी घड्याळांकडे बघितलं. दिवसाची दोन वाक्यं केव्हाच संपली होती, तरी ते बोलले.

"घोरतेस म्हणालो होतो," ते म्हणाले. "खाली जा कधी म्हणालो?"

आत्या त्यांच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि रडली, आणि रडता रडताच हसायला लागली, आणि त्या दोन्हींचा मिळून जो आवाज आला तो ऐकून न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला.

संध्याकाळी उशी वर गेली. उशीबरोबर नवी गादीही गेली, कारण आत्या म्हणाली, जुनीत एका बाजूला खड्डा पडला असणार, इतकी वर्षं उलटलीच नाही कोणी. दुहेरी गादी आणि अरुंद जिना. वरून आतोबा ओढतायत, खालून मी ढकलतेय, आणि मधल्या वळणावर गादी अडकली ती अडकलीच. आत्या गादीच्या पलीकडून दोघांनाही सूचना देत होती. मी शिव्या देत होते. आतोबा एवढंच म्हणाले, "डावीकडून घे," आणि मग स्वतःच हसायला लागले. त्यांचं हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. अगदी घोरण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. आत्या खाली नव्हती, हे ठीकच होतं. पण शेजारच्या गाळ्याचं शटरही बंद. सोमवार सोडून असं मी कधी पाहिलं नव्हतं, त्या गाळ्याच्या उघडण्यावर गल्लीतले लोक आपली घड्याळं लावतात. दोन गिऱ्हाइकं बंद पडलेली घड्याळं हातात धरून उभी होती. न्हाव्याने काळजीने मला विचारलं, घड्याळजींना बरं नाही का?

मी जिन्याखाली जाऊन कान दिला. भिंतभर घड्याळांची टकटक, आणि तिच्या वरताण कोणीतरी मजेत लाकूड कापत होतं. दुसरा आवाज नव्हता. त्या आवाजाच्या शेजारी आतोबा गाढ झोपले होते.

"बरे आहेत," मी बाहेर येऊन सांगितलं. "आज जरा उशिरा येतील."